नाना पळशीकर : गाणं नसलेला नट

सेवाग्रामला येऊन सिनेनटावर काय बोलायचं, असं कुणी म्हणेल. बापूंना सिनेमाचं फारसं कौतुक नव्हतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पण १९८२चा 'गांधी' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. त्यातलं चंपारण आठवा. निळीला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि जमीनदार आता खंड रोख मागतायत, हे गाऱ्हाणं सांगणारा तो म्हातारा शेतकरी. श्रेयनामावलीत त्याला नावसुद्धा नाही, नुसता 'गावकरी'. ते आपले नाना पळशीकर, तेव्हा सत्तरी ओलांडलेले.

हे काम त्यांना नवं नव्हतं. १९३५च्या 'धुवांधार'पासून ते पडद्यावर होते, पण त्यांचा खरा साचा ठरला तो १९५३च्या 'दो बिघा जमीन'मध्ये. बलराज साहनींचा शंभू २३५ रुपयांच्या कर्जापायी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. गावात मागे राहतो तो त्याचा बाप, धनगू. हा बाप नानांचा. पुढे राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'मध्येही ते होते.

'कानून'वर मात्र थांबायला हवं. साल १९६०, दिग्दर्शक बी. आर. चोप्रा. नाना त्यात कालिया नावाचा भुरटा चोर झालेत. सावकाराच्या घरी चोरीला जातो आणि खुनाच्या आरोपात सापडतो. साक्षीपुराव्यावर माणसाला फासावर द्यावं का, हा चित्रपटाचा सवाल. अशोककुमार न्यायाधीश, राजेंद्रकुमार वकील, दोघांकडे युक्तिवाद आहेत. कालियाकडे काय? घाबरलेला चेहरा. तो खोटा वाटला असता, तर सगळा सवाल पुस्तकी झाला असता. सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार नानांना मिळाला तो यासाठी. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'शहर और सपना'साठी तो पुन्हा मिळाला.

मग नाव का विसरलं गेलं? मला वाटतं, याचं उत्तर रेडिओत आहे. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. सिनेमा थेटरातून उतरला तरी गाण्यांमधून घराघरात वाजत राहायचा, आणि गाण्याबरोबर नायकाचा चेहरा. म्हाताऱ्या बापाला, चोराला गाणं कोण देणार? आणि 'कानून'मध्ये तर एकही गाणं नाही! फर्माईश पाठवणाऱ्यानं पाठवायची तरी कशाची?

'आक्रोश' १९८०चा. गोविंद निहलानींच्या त्या चित्रपटात नाना पुन्हा दिसतात. 'गांधी'नंतर दोनच वर्षांनी, १९८४ साली, ते गेले.

पडदा लावून झालाय वाटतं. मागचे दिवे घालवा जरा. 'कानून'मधला कोर्टाचा प्रसंग लावतोय. वकिलांकडे नंतर पाहा, आधी पिंजऱ्यात बघा.