सायकलस्वाराची बैठक

सायकल चालविताना पाठ, खांदे, मान व हात यांची जी ठेवण असते, तिला स्वाराची बैठक म्हणतात. सीट, हँडल व पायडल यांवर शरीराचा भार कसा विभागला जातो, यावर ती सुखकर होणे अवलंबून असते.

जर्मनीतील कार्ल फोन ड्राइस यांनी १८१७ मध्ये मानहाइम येथे चालविलेल्या पायडलविरहित दुचाकीवर गादी लावलेली आडवी फळी असे. कोपरापुढील हात तीवर टेकून स्वार पायांनी जमीन मागे रेटी. १८७० नंतर प्रचारात आलेल्या उंच चाकाच्या सायकलीवर तो जवळजवळ पुढील आसावरच बसे. पुढे फार झुकल्यास तोंडघशी पडण्याची भीती असल्यामुळे ताठ बसणे भागच होते. जॉन केम्प स्टार्ली यांच्या रोव्हर सायकलीने (१८८५) हे बंधन सुटले. मागील चाक साखळीने फिरू लागल्याने सीट दोन्ही चाकांच्या मध्ये आली आणि हँडलची उंची स्वाराच्या मर्जीवर राहिली.

लगेच वाद उद्‌भवला. १८९० नंतरच्या दशकात शर्यतपटूंचे पाहून तरुण मंडळी हँडल खाली करून वाकून सायकल पळवू लागली. याने कुबड येईल, असा इशारा काही डॉक्टरांनी दिला. ‘कायफोसिस बायसिक्लिस्टारम’ असे भारदस्त लॅटिन नावही त्या कुबडाला मिळाले. ही भीती अवास्तव होती. तथापि पाठीची तक्रार खोटी नव्हती. कमरेतून वाकल्यास कण्यावर ताण पडतो. खुब्यातून झुकल्यास पाठ बरीचशी सरळ राहते. हा भेद त्या वादात बहुधा हरवला.

वाकण्याचे खरे कारण वारा होय. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमी.च्या पुढे स्वाराची बहुतेक शक्ती त्यातच खर्च होते. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांच्या सायकलीवर पाठ मागे टेकून फ्रांसिस फोर यांनी १९३३ मध्ये तासाला ४५.०५५ किमी.चा विक्रम केला. पण आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये असल्या सायकली अधिकृत विक्रमांतून वगळल्या. हात छातीखाली दुमडून ग्रॅम ओब्री यांनी १९९३ मध्ये ५१.५९६ किमी. अंतर कापले, ती बैठकही १९९४ मध्ये निषिद्ध ठरली. या निर्णयांत स्वाराच्या आरामाचा प्रश्न नव्हता. ताशी १५ किमी. वेगाने कामावर जाणाऱ्याने शर्यतपटूचे अनुकरण करावे, याला म्हणूनच फारसा आधार नाही.

भारतात उंच हँडलाची, ब्रिटिश धर्तीची जड सायकल रूढ झाली. तीवर ताठ बसल्याने बहुतेक भार सीटवर येतो व खड्ड्यांचा धक्का थेट कण्याला बसतो. रुंद, स्प्रिंगच्या सीटची योजना त्यासाठीच असते. उलट हँडलवर फार भार टाकल्यास तळहातातील तंत्रिका दाबली जाऊन करंगळी व अनामिका बधिर होतात. मध्यम बैठकीत खुब्यातून किंचित पुढे झुकावे, कोपरे थोडी वाकलेली, मनगटे सरळ व खांदे सैल ठेवावेत. लांबच्या प्रवासात हँडलवरील पकड मधूनमधून बदलावी लागते. शर्यतीच्या वळलेल्या हँडलावर त्यासाठी तीन-चार जागा मिळतात, सरळ हँडलावर मात्र एकच.