यष्टींमागची अकरा वर्षं

२ नोव्हेंबर २०२५च्या दुपारी कळंबच्या आमच्या घरात टीव्हीपुढे दाटी झाली होती. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. शेजारचे चाचा उशिरा आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅच आपल्या नेरळला आहे म्हणे? मग घरात काय बसलात?" सगळे हसले. सामना नेरूळला होता, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. नेरळ आमचं स्टेशन, नेरूळ नवी मुंबईतलं. नावात एका उकाराचा फरक, पण त्या दिवशी ते अंतर फार वाटत नव्हतं.

माझी तेरा वर्षांची भाची टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. टेनिस बॉलच्या खेळात ती यष्टींमागे उभी राहते. सुरुवात हौसेनं झाली नव्हती. मुलांनी सांगितलं होतं, बॅटिंग शेवटी मिळेल, तोवर मागे जाऊन बॉल अडव. आता मात्र ती जागा ती कुणाला देत नाही. रिचा घोषनं २४ चेंडूंत ३४ धावा केल्या तेव्हा तिनं विचारलं, "मामू, रिचाच्या आधी कोण होतं?" मी किरमाणी, मोरे, धोनी अशी नावं घेतली. ती म्हणाली, "बायकांमध्ये विचारतेय मी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली लखनौमध्ये महेंद्रकुमार शर्मा यांनी उभी केली. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे या खेळाचा पाळणा महाराष्ट्रातच हलला. १९७६ साली वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिला पहिली कसोटी खेळल्या. १९८२चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये झाला, तेव्हा भारताच्या यष्टींमागे मद्रासची फौजिया खलिली होती. किरमाणींचं नाव आपल्या घराघरात ठाऊक आहे. फौजियाचं किती जणांना ठाऊक असेल?

मराठी मुलखातलं या जागेवरचं ठळक नाव म्हणजे सुलक्षणा नाईक. जन्म मुंबईचा, १९७८चा. उजव्या हाताची फलंदाज आणि यष्टिरक्षक. २००२ ते २०१३ या अकरा वर्षांत ती २ कसोटी, ४६ एकदिवसीय आणि ३१ टी-ट्वेंटी सामने भारतासाठी खेळली.

अकरा वर्षांत दोनच कसोटी, हा आकडा वाचून थांबायला हवं. त्या काळी महिलांना कसोट्या फारच कमी मिळत. यष्टिरक्षकाची खरी परीक्षा कसोटीत होते. दिवसभर प्रत्येक चेंडूला उठबस करायची, फिरकी गोलंदाजासाठी यष्टींना चिकटून उभं राहायचं, आणि चेंडू बॅटला लागणार की नाही हे कळायच्या आत हात तयार ठेवायचे. नव्वद चेंडू नीट घेतले तर कुणी बोलत नाही, एक सुटला की सगळ्यांना दिसतो.

पैशाचीही तीच गत. २००५ साली भारतीय महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असं मिताली राजनं पुढे सांगितलं. २००६ साली महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. पण महिलांना वार्षिक करार मिळायला २०१५ उजाडलं. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं २०२२ मध्ये आणि महिला प्रीमियर लीग सुरू झाली २०२३ मध्ये. सुलक्षणाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द २०१३ लाच संपली होती. ताट वाढलं गेलं तेव्हा तिची पंगत उठून गेलेली.

तिचा शेवटचा विश्वचषक २०१३चा, तोही तिच्याच शहरात. सामने वानखेडेवर ठरले होते, पण रणजीचा अंतिम सामना तिथे आला आणि बायकांचे सामने दुसरीकडे हलवले गेले. पाकिस्तानच्या संघाला मुंबईत विरोध झाला, म्हणून त्यांचे सामने कटकला गेले. भारताच्या त्या संघात सुलक्षणासोबत हैदराबादची गौहर सुलताना आणि ओडिशाची रसनारा परवीन होत्या. ब्रेबॉर्नवर श्रीलंकेनं भारताला १३८ धावांनी हरवलं आणि यजमान पहिल्या फेरीतच बाद झाले. आठ संघांत सातवा क्रमांक. इथे ही गोष्ट संपली असती, तर ती दुःखाची गोष्ट झाली असती.

पण पुढे बीसीसीआयच्या क्रिकेट सल्लागार समितीवर सुलक्षणा नाईक आली. २०२३ मध्ये अशोक मल्होत्रा आणि जतीन परांजपे यांच्यासोबत तिनं महिला संघाच्या प्रशिक्षकपदासाठी मुलाखती घेतल्या. समितीनं एकमतानं नाव सुचवलं ते अमोल मुजुमदारचं. देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांच्या राशी घालूनही भारताची टोपी न मिळालेला हा मुंबईकर. त्याच्याच हाताखालच्या संघानं नेरूळला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला. मैदानावर तो चषक मिताली, झूलन आणि अंजुम यांच्या हातात दिला गेला तेव्हा मला सुलक्षणा आठवायला हवी होती. ती मला तेव्हा माहीतच नव्हती.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "पैसे नव्हते तरी अकरा वर्षं खेळली?" मी हो म्हटलं.

तिचं मैदानात जाणं आता पुरे, असं घरात बोललं जाऊ लागलं आहे. मुलगी मोठी होतेय, लोक काय म्हणतील, आणि खेळून मिळणार काय? आपल्या कितीतरी घरांत याच वयाला हीच वाक्यं बोलली जातात. ती बोलणाऱ्यांचं मुलीवर प्रेम नसतं असं नाही. पण खेळून काय मिळणार, हे सुलक्षणाला कुणी सांगू शकलं नसतं, फौजियाला तर नाहीच. त्या उभ्या राहिल्या, म्हणून आज रिचाला मिळतं आहे.

मी बहिणीशी बोललो आहे. अजून होकार आलेला नाही. तोवर मी यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज आणून ठेवले आहेत.