सॉफ्टबॉलमधील ‘विंडमिल पिचिंग’ : तंत्र आणि सराव

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ मध्ये शिकागो येथे सुरू झाला. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमुळे तो शहरांतील मुला-मुलींपर्यंत पोहोचला आहे. या खेळात सामन्याचा कल बहुतांशी पिचर ठरवते आणि तिचे मुख्य अस्त्र म्हणजे ‘विंडमिल पिचिंग’. पवनचक्कीच्या पात्याप्रमाणे हात फिरतो, म्हणून हे नाव.

महिलांच्या सामन्यात पिचर्स प्लेटपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात कापतो. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबट हिने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटरचा वेग गाठला होता. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हाताचा एकच पूर्ण फेरा घेता येतो आणि चेंडू कमरेच्या खालून सोडावा लागतो.

क्रिकेटवर वाढलेल्या मुलांना पहिली अडचण येते ती दिशेची. गोलंदाजाचा हात मागून वर जातो आणि पुढे येतो. पिचरचा हात मात्र पुढून वर, तेथून मागे आणि मग खाली येतो. चेंडू सुटताना पुढचा पाय जमिनीत घट्ट रोवलेला असावा लागतो. पायांतून आणि कमरेतून आलेला जोर शेवटी मनगटाच्या झटक्यात उतरतो. हा क्रम चुकला की सारा भार खांद्यावर येतो.

खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखावत नाही, असा समज रूढ आहे. त्यामुळे संघातील एकाच मुलीला सामन्यामागून सामने पिचिंग करावे लागते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधील पिचर्सच्या अभ्यासात मात्र खांद्याच्या सांध्यावरील ओढ शरीराच्या वजनाच्या सरासरी ८० टक्के आढळली. हाताचा फेरा खालून पूर्ण होत असला, तरी खांद्याला विश्रांती हवीच.

म्हणून सराव टप्प्याटप्प्याने करावा. प्रथम तीन मीटरवरून, हात मांडीजवळ ठेवून केवळ मनगटाचा झटका द्यावा. नंतर बाजूने उभे राहून, हात मागे खांद्याच्या उंचीवर नेऊन अर्धवर्तुळातून चेंडू सोडावा. ते जमल्यावर पाऊल न टाकता पूर्ण फेरा घ्यावा. मग जमिनीवर कॅचरच्या दिशेने खडूची सरळ रेघ ओढून त्या रेघेवर पाऊल टाकावे आणि अखेरीस पूर्ण अंतरावरून सराव करावा. अचूकता आल्याखेरीज वेगाच्या मागे लागू नये.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील दाट वस्तीत सॉफ्टबॉलचे पूर्ण मैदान मिळणे सोपे नाही. मोकळ्या जागेवर क्रिकेटचाच ताबा असतो. पिचिंगच्या सरावासाठी मात्र शाळेच्या आवाराच्या कडेची सुमारे वीस मीटरची पट्टी पुरते. तेथे कॅचरने मुखवटा घालावा आणि तिच्या पाठीमागे भिंत किंवा जाळी असावी. पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरली, की पहिले दोन टप्पे शाळेच्या सभागृहात करता येतात. घरी मोज्यांचा घट्ट गुंडाळलेला गोळाही चालतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाकलेल्या चेंडूंची नोंद. अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञ १३ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एका सामन्यात ८० चेंडूंची मर्यादा सुचवतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनो हिने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक जिंकून दिले. ती २६ वर्षांची, कसलेली खेळाडू होती. तिचा पराक्रम शाळकरी मुलीसाठी सरावाचे प्रमाण ठरू शकत नाही. खांदा किंवा दंड दुखू लागल्यास त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा, ही जबाबदारी प्रशिक्षक आणि पालक या दोघांचीही आहे.