इंजिनाचा श्वास

'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नमूद आहेत त्यांत मेहकर हे एक सरकार आहे. त्या मेहकरच्या तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर जानेफळ वसले आहे. आणि या साऱ्या मुलखात मोगलाई, निजामशाही आणि १८५३ नंतरचा इंग्रजी अंमल अशा राजवटी पालटत गेल्या तरी विहिरीतले पाणी वर काढण्याची रीत मात्र पालटली नाही. चामड्याची मोट, नाडा, सोंदूर आणि धावेवरून उतरणारी बैलजोडी, एवढाच तो सरंजाम. बाजारात बैल पारखताना जाणता शेतकरी छातीची रुंदी तर पाहीच, पण नाकपुड्याही पाही. कारण छाती कितीही भरदार असली तरी ती भरण्याइतका वारा आत जाणार नसेल तर ते जनावर धावेवर टिकणार नाही, हे त्याला पिढीजात ठाऊक होते.

मोटेच्या जागी ऑइल इंजिन आले तेव्हा हीच पारख लोखंडाला लागू झाली. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ही इंजिनाची छाती. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, ज्याला आपले मिस्त्री नुसते 'वॉल' म्हणतात, ही त्याची नाकपुडी. या दोन मापांचा मेळ बसविण्याचा इतिहास मला इंजिनाच्या इतिहासातील सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत उद्बोधक भाग वाटतो.

त्या इतिहासात महसुलाचा हात मोठा आहे. जमाबंदीचा अंमलदार जसा जमिनीची प्रत आणि क्षेत्र पाहून आकार ठरवी, तसा विलायतेत १९१० पासून मोटारीवरील कर इंजिनाच्या बोअरवरून ठरू लागला: बोअरच्या इंचांचा वर्ग करावयाचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे, की कराची अश्वशक्ती हाती आली. या सूत्रात पिस्टनची गती मिनिटाला १००० फूट गृहीत धरली होती. वॉलचा तर त्यात उल्लेखही नव्हता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कर वाचविण्यासाठी कारखानदारांनी बोअर अरुंद आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, लांब ठेवला, अरुंद बोअरच्या माथ्यावर मोठ्या वॉलला जागा उरली नाही, आणि एका करपद्धतीपायी विलायती मोटारींच्या दोन-तीन पिढ्यांचा श्वास कोंडला. आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या ॲम्बॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, ज्याचा बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८९ मिलिमीटर होता, त्याच परंपरेचे अपत्य होय.

हेच सूत्र विहिरीवरच्या इंजिनांना लावून पाहावे. विलायतेतील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने १९२९ साली काढलेल्या आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी ज्याच्या असंख्य प्रतिकृती घडविल्या त्या संथ इंजिनाचा बोअर साडेचार इंच. सूत्राप्रमाणे त्याची शक्ती आठ अश्वशक्ती भरते, प्रत्यक्षात ते मिनिटाला ६५० फेऱ्यांवर सहाच देई. उलट, १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या 'एव्ही-१' इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर, म्हणून त्याच्या वाट्याला सूत्र चारच अश्वशक्ती देते, आणि ते मिनिटाला १५०० फेऱ्यांवर पाच देते. एकाच मापाने मोठ्याला अधिक आणि धाकट्याला उणे तोलले, कारण माप छातीचेच घेतले होते; जनावर मिनिटाला किती वेळा श्वास घेते, हे कोणी मोजले नव्हते.

श्वासाचा हिशेब असा. बोअरला वॉलच्या व्यासाने भागून येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा आणि त्याने पिस्टनच्या सरासरी गतीला गुणावे, म्हणजे वॉलच्या तोंडाशी हवेचा वेग मिळतो. ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक आणि १५०० फेऱ्या असता पिस्टनची गती सेकंदाला साडेपाच मीटर येते. हवेचा वॉल ३४ मिलिमीटरचा मानला, तर त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने धावते. सिलिंडरच्या माथ्यावरील सपाट हेडमध्ये हवेचा वॉल बोअरच्या चार-साडेचार दशांशांहून फारसा मोठा करता येत नाही, कारण शेजारी धुराचा वॉल, दोघांच्या सीटांमध्ये लोखंडाची पट्टी आणि इंधनाच्या नोझलची जागा, एवढा संसार त्याच वर्तुळात मांडावयाचा असतो. ती पट्टी अरुंद झाली की उष्णतेने तडकते. धुराचा वॉल धाकटा ठेवतात, कारण जळालेला वायू स्वतःच्या दाबाने बाहेर पडतो, हवा मात्र ओढून घ्यावी लागते. दोनांऐवजी चार वॉल करून ही कोंडी प्यूजोच्या शर्यतीच्या मोटारीने १९१२ साली फोडली आणि दिएप येथील फ्रेंच ग्रां प्री जिंकली. पण तो खर्च विहिरीवरच्या एका सिलिंडरला परवडणारा नव्हे.

परवडण्याची गरजही नव्हती. अमेरिकेत चार्ल्स फेयेट टेलर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की, वॉलमधून जाणाऱ्या हवेच्या वेगाचे ध्वनीच्या वेगाशी असलेले प्रमाण, वॉलचा अडथळा जमेस धरून, सहा दशांशांच्या पुढे गेले म्हणजे सिलिंडर अर्धपोटी राहू लागते. वरच्या हिशेबाचे इंजिन या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. म्हणून काळा धूर ओकणाऱ्या इंजिनाला मोठा वॉल बसविण्याचा हट्ट मला व्यर्थ वाटतो; मूळ मेळ जुळलेलाच असतो, तो बिघडतो वापराने. बोअर मारून ८० चा ८१ मिलिमीटर केला की भरावयाचे क्षेत्र अडीच टक्क्यांनी वाढते, आणि त्याच वेळी वारंवार घासलेल्या सीटमध्ये वॉल खोल बसत जाऊन हवेची वाट अरुंद होते. वॉल उचलणारा टॅपेट सैल राहिला, तर वॉल पुरता उचललाही जात नाही. आणि त्याची उचल व्यासाच्या चतुर्थांशाइतकी झाल्यावाचून कडेची वाट तोंडाइतकी मोकळी होत नसते.

हे गणित ज्याने कधी कागदावर मांडले नाही असा मिस्त्री ते हातांनी मांडतो. हेड उतरवून तो काजळी खरवडतो, सीटला पेस्ट लावून वॉल दोन्ही तळहातांमध्ये रवीसारखा घुसळतो, करडी, अखंड कडी उमटली की स्प्रिंग चढवतो, हेड आडवे धरून पोर्टमध्ये रॉकेल ओततो, आणि वॉलच्या कडेने एखादा थेंब पाझरतो का, हे पाहत बांधावर बसून राहतो.