मुलांच्या चुका काय सांगतात?

दुसरी-तिसरीतील मुलाने ‘५२ वजा २७’ या वजाबाकीचे उत्तर ३५ असे लिहिले, की त्यावर लाल शाईची फुली पडते आणि खाली ‘लक्ष देत जा’ असा शेरा येतो. वास्तविक त्या मुलाचे लक्ष पुरेपूर असते. सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा त्याला उमगलेला नियम त्याने एकक आणि दशक अशा दोन्ही घरांत इमानाने पाळलेला असतो. हाच मुलगा ‘८१ वजा ४६’ चे उत्तर ४५ देईल आणि ‘७० वजा ३४’ चे ४४. त्याची पुढची चूक आधीच वर्तवता येते. जे आधी वर्तवता येते, त्याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली. वजाबाकीत मुलांकडून होणाऱ्या चुकांची त्यांनी छाननी केली, तेव्हा त्यांतील अनेक चुकांमागे ठरावीक, पण सदोष कृती असल्याचे आढळले. संगणकाच्या आज्ञावलीत एखादा दोष राहून जावा, तसे हे होते. त्यांनी तयार केलेल्या ‘बगी’ नावाच्या कार्यक्रमात संगणक अशा विद्यार्थ्याची भूमिका करी आणि त्याची चुकीची उत्तरे पाहून आतला दोष ओळखण्याचा सराव भावी शिक्षक करीत. भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात ब्रिटिश भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच शिकणाऱ्याच्या चुकांचे महत्त्व विशद केले होते. थकव्यामुळे किंवा घाईत निसटून झालेली चूक आणि पुन:पुन्हा त्याच जागी होणारी चूक यांत त्यांनी भेद केला. पहिलीकडे दुर्लक्ष केले तरी चालते. दुसरी चूक म्हणजे मुलाने त्या क्षणापर्यंत काय आत्मसात केले आहे, याचा पुरावाच.

मराठी शाळांतील वह्यांमध्ये असा पुरावा विपुल आहे. ‘सत्तावीस’ ऐकून मूल ७२ लिहिते, कारण उच्चारात सात आधी येतो आणि वीस नंतर. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणाऱ्या मुलाने ‘तीस’ स्पष्ट ऐकलेले असते. त्यातून एक उणा करायचा असतो, हे त्याला कोणी उकलून दाखवलेले नसते. ‘एकशे पाच’ साठी १००५ लिहिणारे मूल शंभर आणि पाच ऐकल्याप्रमाणे शेजारी मांडते. २०१९ मध्ये ‘बालभारती’ने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा तिची यथेच्छ टिंगल झाली. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात, इंग्रजीत व दक्षिणेकडील भाषांत दशक आधी उच्चारले जाते, ही गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची बाजू त्या गदारोळात बुडून गेली. ‘सदुसष्ट’ भाषेतून जावे, असे कोणालाच वाटणार नाही. पण मुले नेमकी कोठे चुकतात, या प्रश्नापासून समितीने सुरुवात केली होती, एवढे तरी मान्य करायला हवे होते.

लेखनातही हेच दिसते. ‘किरण’ हा शब्द ‘करिण’ असा लिहिणारे मूल कानाशी प्रामाणिक असते. आधी ‘क’ ऐकू येतो, मागून ‘इ’. म्हणून ते आधी ‘क’ काढते आणि मग पहिली वेलांटी. देवनागरीत ही वेलांटी उच्चारात नंतर, पण कागदावर आधी येते. त्यामुळे ती पुढच्या ‘र’ला जाऊन चिकटते. ‘सर्प’ मधला रफार ‘प’च्या डोक्यावर बसतो; मुलाला तो ‘स’ला लागून ऐकू आलेला असतो, म्हणून ते तो ‘स’वर देते. ‘फूल’ दीर्घ शिकलेले मूल ‘फूलाला’ लिहिते, तेव्हा ते नियमच पाळत असते. सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व होतो, हा पुढचा नियम त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिते किंवा अनेक घरांतील मुले ‘पाणी’चे ‘पानी’ करतात, तेव्हा ती घरच्या बोलीचे अचूक लेखन करीत असतात. यांपैकी एकाही चुकीला अक्षमता म्हणता येणार नाही. प्रमाण मराठी त्यांना अजून शिकवायची राहिली आहे, इतकाच तिचा अर्थ.

मग अध्ययन अक्षमता ओळखायची कशी? याबाबत सर्वांत रूढ समज अक्षरे उलटी लिहिण्याचा आहे. अमेरिकी डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२० च्या दशकात अशा उलट्या अक्षरांना फार महत्त्व दिले आणि डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीं पर’मुळे ते चित्र घरोघरी पोहोचले. चित्रपटाने पालकांचे डोळे उघडले, हे श्रेय त्याचेच. परंतु ‘३’ किंवा ‘६’ आरशातल्यासारखा काढणे ही सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत आढळणारी बाब आहे. पेला उजवीकडून पाहिला काय नि डावीकडून पाहिला काय, तो पेलाच असतो, हे डोळ्यांना जन्मापासून ठाऊक असते. दिशा बदलली की अर्थ बदलतो, हे अक्षरांच्या राज्यात प्रथमच शिकावे लागते.

गेल्या काही दशकांच्या संशोधनाचा रोख डोळ्यांऐवजी कानाकडे, अधिक नेमके सांगायचे तर मेंदूतील ध्वनिप्रक्रियेकडे आहे. शब्दातील ध्वनी सुटे करणे, ते क्रमाने धरून ठेवणे आणि अक्षराशी त्यांची चटकन सांगड घालणे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला जड जाते. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, खेळात तरबेज. शिक्षण केवळ तोंडी असते तर तो शाळेत सर्वांत चमकला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मात्र स्वत:च्या नावातील अक्षरांची त्याने अदलाबदल केली आणि एकापेक्षा अधिक वेळा लक्ष वेधल्याशिवाय ती त्याच्या ध्यानात आली नाही.

यात चुकीच्या प्रकारापेक्षा तिचा चिवटपणा बोलका ठरतो. ‘करिण’ लिहिणाऱ्या बहुसंख्य मुलांना नीट समजावून सराव दिला, की काही महिन्यांत चूक सरते. काही मुलांची सरत नाही. एकाच पानावर तोच शब्द तीन प्रकारे लिहिलेला आढळतो, फळ्यावरून उतरवताना ओळी गळतात, आठवड्यापूर्वी घोकलेले शब्द पुन्हा नवे वाटतात. तोंडी उत्तर मात्र खणखणीत असते. हे अंतर शिक्षकाच्या नजरेस पडायला हवे. पडते ते क्वचितच. त्याआधी ‘ढ’ हा शिक्का बसतो.

मराठी माध्यमात आणखी एक अडचण आहे. इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन वाचकांची तुलना करणारा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही भाषकांच्या मेंदूत वाचताना एकाच भागाची क्रिया मंद आढळली, पण इटालियन मंडळी वाचण्यात इतरांपेक्षा सरस ठरली, कारण त्यांच्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ आहे. मराठीचे नाते इंग्रजीच्या तुलनेत असेच सरळ. त्यामुळे येथे डिस्लेक्सिया असलेले मूल पुष्कळदा बरोबर वाचते, पण फार सावकाश, अक्षर अक्षर जुळवीत. फुल्या मोजणाऱ्या तपासणीत ते सापडत नाही. पेपर अपुरा राहू लागला, की अभ्यास कमी पडतो म्हणून बोलणी खाते. इंग्रजी माध्यमातील मराठी मुलांच्या बाबतीत उलटा धोका असतो. घरी कानावर न पडलेल्या भाषेतील स्पेलिंगच्या चुका अक्षमता म्हणून गणल्या जाऊ शकतात. म्हणून अशा मुलाची तपासणी दोन्ही भाषांत होणे इष्ट. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये पुढे आणलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे, तो याचसाठी.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. विविध भाषांतील शाळकरी मुलांमध्ये अध्ययन अक्षमतेचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के मानले जाते. उरलेल्या मुलांचे अपयश शिकवण्याचे आहे आणि ते वैद्यकीय नावाखाली झाकले जाता कामा नये.

महाराष्ट्राने १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. देशाच्या १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र या अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. त्यानंतर २०१८ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच द्यावे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी व्हावी, असे म्हटले होते. आठ वर्षांची अट मुलाला लेखन-वाचन पुरेसे शिकवले जाण्याचा अवधी मिळावा, या दृष्टीने रास्त आहे. मात्र मदत प्रमाणपत्रासाठी थांबवण्याचे कारण नाही. ध्वनी सुटे करण्याचे खेळ, अक्षर बोटाने गिरवत मोठ्याने म्हणणे, वजाबाकी काड्यांच्या जुड्या सोडून करणे पहिलीपासूनच करता येते आणि त्याने कोणत्याच मुलाचे नुकसान होत नाही.

तपासणीला जाताना आधी दृष्टी आणि श्रवण यांची खात्री करून घ्यावी. सोबत मागील दोन-तीन वर्षांच्या वह्या न्याव्यात, शक्यतो तारखांसह आणि खाडाखोडीसह. अनेक पालक सुवाच्य करून घेतलेली नवी वही आणतात. तज्ज्ञांना हवी असते ती जुनी.