मंडळ

मंडळ : वर्तुळ, वाटोळी आकृती, बिंब, समूह, संस्था, प्रदेश व प्रशासकीय विभाग अशा अनेक अर्थांनी मराठीत रूढ असलेला शब्द. संस्कृत ‘मण्डल’ या शब्दापासून तो आला असून ‘मंडल’ हे तत्सम रूपही त्याच्या जोडीने चालते. इंग्रजी ‘सर्कल’ या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. भूमितीतील आकृतीला वर्तुळ, वनखात्याच्या विभागाला वृत्त, महसूलखात्याच्या विभागाला मंडळ आणि टपालखात्याच्या विभागाला परिमंडळ म्हणतात. ग्रामीण बोलीत मात्र मूळ ‘सर्कल’ हाच शब्द चालतो आणि तो बहुधा प्रदेशाचा नसून माणसाचा वाचक असतो. ‘सर्कल येऊन गेले’ म्हणजे मंडळ अधिकारी गावाला भेट देऊन गेले. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या मतदारगटालाही लोक सर्कलच म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात या शब्दाचे धार्मिक, राजकीय व महसुली असे जवळजवळ सर्व अर्थ एकावर एक साचलेले आढळतात. म्हणून त्याचा इतिहास पाहण्यास हा जिल्हा सोयीचा आहे.

प्राचीन वाङ्‌मयात मंडल म्हणजे प्रथमतः सूर्यचंद्राचे बिंब व त्याभोवतीचे तेजोवलय. ऋग्वेदाच्या दहा भागांनाही मंडले म्हणतात. सूर्यचंद्राभोवतीच्या वलयाला मराठी शेतकरी ‘खळे’ म्हणतो, आणि धान्य मळण्याच्या, मध्यभागी तिवडा रोवलेल्या वाटोळ्या जागेचेही नाव तेच आहे. चंद्राला खळे पडले की पाऊस जवळ आला, असा लोकसमज आहे. पाऊस व मंडळ यांचा आणखी एक, पुष्कळच कठोर, संबंध पुढे यावयाचा आहे.

जिल्ह्यातील बौद्ध लेण्यांत वर्तुळाच्या दोन भिन्न कल्पना दिसतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकातील वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात, ओसरीच्या भिंतीवर एक भव्य चक्र रंगविण्यात आले. त्याचा बराचसा भाग नष्ट झाला आहे. एकोणिसाव्या शतकातील पाहणाऱ्यांना ते राशिचक्र वाटले व त्यावरून या लेण्याला तसे नावही पडले होते. पुढे ते जन्ममरणाच्या फेऱ्याचे, म्हणजे भवचक्राचे, चित्र असल्याचे निश्चित झाले. विहाराच्या दाराशी असे चक्र रंगवावे, असा संकेत बौद्ध ग्रंथांत आहे. वेरूळच्या बाराव्या, ‘तीन ताल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेण्यातील मंडल याहून वेगळे आहे. तेथे चौकोनी शिल्पपटाचे नऊ खण पाडून मधल्या खणात बुद्ध व भोवतालच्या आठ खणांत आठ बोधिसत्त्व कोरले आहेत. या रचनेत वाटोळे असे काही नाही, तरीही अभ्यासक तिला मंडलच म्हणतात. याचे कारण असे, की येथे आकारापेक्षा केंद्र व त्याच्याशी बांधलेला परिसर यांना महत्त्व आहे. शब्दाच्या पुढील सर्व इतिहासाची किल्ली याच अर्थात आहे.

राजनीतीत हा अर्थ कौटिलीय अर्थशास्त्राने पक्का केला. त्याच्या सहाव्या अधिकरणात बारा राजांचे मंडल वर्णिले आहे. केंद्रस्थानी विजिगीषू, म्हणजे जयेच्छू राजा असतो. त्याच्या सीमेला लागून असलेला राजा हा त्याचा स्वाभाविक शत्रू व त्या शत्रूच्या पलीकडचा राजा हा स्वाभाविक मित्र होय. शत्रुत्व व मैत्री ही येथे स्वभावावर नव्हे, तर आपण वर्तुळात कोठे उभे आहोत यावर अवलंबून असतात. दक्षिणेत मंडल हे प्रत्यक्ष प्रदेशाचे नाव झाले. चोळमंडलम्‌ या नावाचेच युरोपीय मुखांतून ‘कोरोमांडेल’ बनले. मंडलाचा अधिपती तो मंडलेश्वर व त्याहून वरचा महामंडलेश्वर. ही पदवी भारदस्त वाटली तरी ती सार्वभौमाची नव्हे, मांडलिकाची होती. ‘मांडलिक’ हा शब्दही मंडलावरूनच आला आहे. देवगिरीच्या यादवांचे पूर्वज कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून महामंडलेश्वर हीच पदवी लावीत. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वातंत्र्य पुकारल्यावर या घराण्याच्या लेखांत ‘प्रौढप्रताप चक्रवर्ती’ हे बिरुद दिसू लागते. मंडल जाऊन चक्र आले. दोन्ही आकृती गोलच, पण पहिली दुसऱ्याने आखून दिलेली व दुसरी स्वतः फिरविलेली.

यादवांनंतर राज्यकारभाराची भाषा फार्सी झाली, तरी गोलाची कल्पना टिकून राहिली. फार्सीत ‘गिर्द’ म्हणजे भोवताली, सभोवार. त्यावरून गावोगाव फिरून पिकांची व जमाबंदीच्या कागदांची तपासणी करणाऱ्या कामगारास ‘गिरदावर’ हे नाव मिळाले. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून तालुक्यांची घडी बसविली. पटवारी व तहसीलदार यांच्यामधला दुवा म्हणून गिरदावर हे पद संस्थानात स्थिरावले. उत्तर हिंदुस्थानात पटवाऱ्याच्या क्षेत्राला ‘हलका’ म्हणतात. तो अरबी शब्द असून त्याचा अर्थ कडे असा आहे. इंग्रजांनी आपल्या मुलखात हेच काम ‘सर्कल इन्स्पेक्टर’कडे दिले. अरबी, फार्सी, इंग्रजी व संस्कृत या चारही भाषांनी एकाच प्रशासकीय गरजेला एकच आकृती द्यावी, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. मोजणीच्या नकाशावर असे क्षेत्र कधीच वाटोळे नसते. ओढे, शिवा व डोंगरांच्या धारा यांनी त्याच्या कडा वाकड्यातिकड्या झालेल्या असतात. नाव गोल पडले ते अधिकाऱ्याच्या फेरीमुळे. ठाण्यावरून निघून गावे घेत पुन्हा ठाण्यावर येणे, ज्याला मराठीत ‘फिरती’ म्हणतात, त्या वाटेचा तो आकार होय.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर गिरदावराची जागा मंडळ निरीक्षक व मंडळ अधिकारी या पदांनी घेतली, आणि जुना शब्द वृद्धांच्या बोलण्यात उरला. तलाठ्याच्या क्षेत्राला साझा म्हणतात. साधारणतः सहा साझ्यांचे एक महसूल मंडळ होते. तलाठ्याने नोंदविलेले फेरफार मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. वारसाची, खरेदीची वा वाटणीची नोंद त्याच्या सहीनंतरच सातबारावर पक्की होते, त्यामुळे तालुक्याच्या कचेरीपेक्षाही शेतकऱ्याचा या मंडळाशी अधिक निकटचा संबंध येतो.

राज्यकारभार मराठीतून चालविण्यासाठी १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. या परिभाषेत मंडळ या एकाच शब्दावर फार भार पडला. ‘सर्कल’ म्हणजे मंडळ व ‘बोर्ड’ म्हणजेही मंडळच. परिणामी अधीक्षक अभियंत्याचे क्षेत्र हे सार्वजनिक बांधकाम मंडळ, परीक्षा घेणारी संस्था हे शिक्षण मंडळ, आणि २००५ पर्यंत अस्तित्वात असलेल्या राज्य विद्युत मंडळाचे पुन्हा मंडळ कार्यालय, असा प्रकार झाला. परिभाषाकारांनी ‘परिमंडळ’ व ‘महामंडळ’ ही रूपे वापरून गोंधळ कमी करण्याचा प्रयत्न केला. तो पुरता यशस्वी झाला असे म्हणवत नाही. लोकव्यवहाराने या शब्दाला अधिक प्रेमाने वागविले. भजनी मंडळ, गणेश मंडळ, मित्रमंडळ हे शब्द शासनाने दिलेले नाहीत. १८८० मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीसारख्या नावांतून ‘मंडळी’ हे रूप रंगभूमीवर रुळले, आणि कुटुंबात तर पत्नीचे नाव न घेता तिचा उल्लेख ‘मंडळी’ असा एकवचनी माणसासाठी अनेकवचनी करण्याची रीत होती.

मंडळ या शब्दाला आज मराठवाड्यात जे वजन आहे, ते मात्र पर्जन्यमापकामुळे. पूर्वी पावसाची अधिकृत नोंद प्रामुख्याने तालुक्याच्या ठिकाणी होई. पुढे मंडळ हे नोंदीचे एकक झाले, आणि महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. मंडळात २४ तासांत ६५ मिमी. वा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी समजली जाते. २०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही प्रमुख पिकांसाठी मंडळ हे विमा क्षेत्र घटक धरले जाते. तेथील पीक कापणी प्रयोगांतून आलेले उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरले, तरच त्या मंडळातील विमाधारकांना भरपाई मिळते. एकट्याचे शेत बुडाले असले तरी मंडळाची सरासरी बरी असेल, तर उत्पन्नावर आधारलेली भरपाई मिळत नाही.

या व्यवस्थेची कसोटी २०२३ मध्ये लागली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत या जिल्ह्यातील छत्रपती संभाजीनगर व सोयगाव हे तालुके होते. उरलेल्या तालुक्यांतून मागणी वाढल्यावर नोव्हेंबरमध्ये १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती घोषित करण्यात आली. जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिमी.पेक्षा कमी असणे, असा निकष होता. मराठवाड्याची पावसाळ्यातील सरासरीच सुमारे ६८० मिमी. असल्याने येथे दुसऱ्या अटीला फारसा अर्थ नव्हता. निर्णय पहिल्या अटीवर होत होता. मंडळाची सरासरी ६०० मिमी. असेल, तर ४४९ मिमी. पावसाचे मंडळ आत येते व ४५१ मिमी.चे बाहेर राहते. आत येणाऱ्यांना जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३·५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे पाण्याचे टँकर, आणि थकबाकी असली तरी पंपाची वीज न तोडणे या सवलती मिळाल्या. मराठवाड्यातील पाऊस बराचसा गडगडाटी ढगांचा असून तो एका शिवारात पडतो व शेजारच्यात पडत नाही. अशा मुलखात काही डझन गावांचा पाऊस एका यंत्रावरून ठरविणे, आणि तेही अधिकाऱ्याच्या फिरतीसाठी पूर्वी आखलेल्या सीमांच्या आधारे, हे शास्त्रापेक्षा सोयीचेच अधिक म्हणावे लागते. मंडळाची हद्द आखणाऱ्यांपुढे ढग नव्हते, कागद होते.

शेजारच्या तेलंगणाचा अनुभव वेगळा आहे. तो भाग आंध्र प्रदेशात असताना एन्‌. टी. रामाराव यांच्या शासनाने १९८५ मध्ये तालुके मोडून त्यांच्या जागी लहान मंडले केली. त्यामुळे एकेकाळी एकाच निजामी कारभाराखाली असलेल्या दोन प्रदेशांत आज मंडळ हा शब्द दोन निरनिराळ्या पायऱ्यांवर आहे: तेलंगणात तो तहसीलदाराच्या क्षेत्राचा वाचक, तर मराठवाड्यात त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या.

महाराष्ट्रातही गेल्या दशकात तीन हजारांहून अधिक साझे व पाचशेंहून अधिक मंडळे नव्याने निर्माण करण्यास मान्यता देण्यात आली. फेऱ्या लहान झाल्या. पण नव्या मंडळाला स्वतःची पर्जन्यनोंद नसते, आणि तिच्यावाचून सरासरीही नसते. २०२३ च्या निकषात अशी मंडळे बसविणेच शक्य नव्हते. पर्जन्यमापक अद्याप न बसविलेल्या अशा २२४ नव्या मंडळांचा दुष्काळसदृश परिस्थितीत समावेश करण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतंत्र आदेश काढावा लागला. केंद्र शासनाच्या ‘विंड्‌स’ या हवामान माहिती प्रकल्पात ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसविण्याची तरतूद आहे. तसे झाल्यास पावसाच्या हिशेबापुरते तरी मंडळ हे एकक मागे पडेल व त्याच्याकडे मूळचे फेरफारांचे काम उरेल.