मराठवाड्यातील रस्तेविकास आणि रस्ता सुरक्षा : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : निलंगा परिसर)

प्रस्तावना :
रस्ता हे विकासाचे साधन मानले जाते. रस्त्यामुळे शेतमाल बाजारात जातो, विद्यार्थी महाविद्यालयात येतो व रुग्ण दवाखान्यात पोहोचतो. परंतु याच रस्त्यावर भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. यापैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. म्हणजे हा प्रश्न केवळ महानगरांचा नसून निलंग्यासारख्या तालुक्यांचाही आहे. रस्ते वाढत गेले; मात्र त्या प्रमाणात सुरक्षितता का वाढली नाही, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

रस्तेविकासाची पार्श्वभूमी :
भारतातील नियोजित रस्तेविकासाचा प्रारंभ १९२७ मध्ये बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपासून मानला जातो. या समितीच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर अधिभार बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी निर्माण करण्यात आला. पुढे १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व वीस वर्षांचा आराखडा तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामरस्ते ही वर्गवारी याच आराखड्याची देणगी होय. शेतीप्रधान भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा अधिक दूर असू नये, असे त्याचे सूत्र होते. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. रस्त्याचे यश लांबीवर आणि जोडलेल्या गावांच्या संख्येवर मोजण्याची पद्धत या काळात रूढ झाली.

निलंगा हा तालुका त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होता. संस्थानाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी शासकीय बससेवा सुरू केली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात समाविष्ट झाला व १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्याचा भाग बनला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या श्रमातून अनेक गावे प्रथमच रस्त्याने जोडली गेली. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने हे काम पुढे नेले. या सर्व टप्प्यांत ‘रस्ता मिळणे’ हीच जनतेची मागणी होती व ती रास्तही होती. ‘सुरक्षित रस्ता’ ही मागणी मात्र पुढे आली नाही.

कायद्याची वाटचाल :
१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठी विमा बंधनकारक केला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. म्हणजे कायद्याचा भर बराच काळ अपघात घडल्यानंतरच्या नुकसानभरपाईवर राहिला. १९८८ च्या कायद्याने हेल्मेटची सक्ती केली. पण अंमलबजावणी कमकुवत राहिली. याउलट पाश्चात्त्य देशांत वाहन व रस्ता यांची रचना सुधारण्यावर भर दिला गेला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये सीटबेल्ट सक्तीचा केला. स्वीडनने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’ हे धोरण स्वीकारले. माणूस चुका करणारच. परंतु त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हे या धोरणाचे सार आहे.

३ जून २०१४ रोजी मराठवाड्याचे नेते व केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीतील रस्ते अपघातात निधन झाले. ते मोटारीच्या मागील आसनावर बसले होते. या घटनेनंतर मागील आसनावरील सीटबेल्टची चर्चा देशभर झाली व नव्या कायद्याच्या हालचालींना गती आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवला आणि मदतकर्त्यांच्या संरक्षणास कायद्यात स्थान दिले.

महाराष्ट्राचा अनुभव :
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर रस्त्यातील दोष दूर करणे, पोलिसांची गस्त व तातडीची वैद्यकीय मदत यांचा एकत्रित प्रयोग राबविण्यात आला. २०१९ मध्ये ही संख्या ९२ पर्यंत खाली आली. तेथील वाहनचालक एकाएकी बदलले नव्हते. व्यवस्था बदलली होती. दुसरीकडे समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजानजीक खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा बळी गेला. नवा, रुंद रस्ता हा आपोआप सुरक्षित रस्ता ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

तालुका पातळीवरील स्थिती :
निलंगा परिसरातील रस्त्यांवर मोटारसायकल, काळी-पिवळी जीप, एस. टी. बस, ट्रॅक्टर व बैलगाडी एकाच पट्ट्यातून धावतात. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक नसेल तर रात्री त्या दिसत नाहीत. सुगीत काही ठिकाणी सोयाबीनची रास डांबरी रस्त्यावरच केली जाते. खचलेल्या साइडपट्ट्या, नियमबाह्य गतिरोधक व ‘ट्रिपल सीट’ प्रवास यांची त्यात भर पडते. २०२२ मध्ये देशात ५०,०२९ दुचाकीस्वार हेल्मेटविना मृत्युमुखी पडले. घरातील कमावता तरुण गेल्यास अल्पभूधारक कुटुंब कर्जबाजारी होते. म्हणून रस्ता सुरक्षा हा ग्रामीण दारिद्र्याशी निगडित प्रश्नही आहे.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा कार्यरत आहे. महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये ‘मृत्युंजय दूत’ ही योजना सुरू केली. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु द्रुतगती मार्गास मिळालेले लक्ष तालुक्याच्या रस्त्यासही मिळणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
१) जयकर समितीपासून ग्रामसडक योजनेपर्यंत रस्तेविकासाचे मोजमाप प्रामुख्याने किलोमीटरमध्ये झाले, सुरक्षितता हा निकष उशिरा आला.
२) कायद्याने प्रथम भरपाईचा, नंतर दंडाचा व सर्वांत शेवटी प्रतिबंधाचा विचार केला.
३) द्रुतगती मार्गाच्या अनुभवावरून रचना, अंमलबजावणी व वैद्यकीय मदत यांच्या समन्वयाने मृत्यू कमी होऊ शकतात, हे दिसून येते.
४) साखर कारखान्यांनी ऊसवाहनांना परावर्तक लावणे, बाजार समित्यांनी व ग्रामपंचायतींनी खळ्यांची सोय करणे आणि महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत धोकादायक वळणांची नोंद करून ती सार्वजनिक बांधकाम विभागास देणे, हे तालुका पातळीवर शक्य आहे.

दुष्काळात ज्यांनी खडी फोडून रस्ता केला, त्यांच्याच नातवंडांना त्या रस्त्यावरून सुखरूप घरी परतता आले पाहिजे. रस्तेविकासाचा अर्थ तेव्हाच पूर्ण होईल.